खरवडायची राहिलेली भिंत

प्रिय ठिपका,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. गुडघा आहे तसाच आहे, जिना दिसला की कुरकुरतो आणि जेवायला बसलो की गप्प होतो. फोनवर बोलता आलं असतं, पण आपलं हल्लीचं फोनवरचं बोलणं तुला ठाऊकच आहे. मी विचारतो जेवलीस का, तू म्हणतेस हो. तू विचारतेस औषध घेतलंत का, मी म्हणतो हो. मग दुसरा कधी फोन ठेवतोय याची दोघंही वाट बघत बसतो. शिवाय आज जे सांगायचंय ते सांगताना तू मध्येच एक शब्द जरी बोललीस तरी मी माघार घेईन, बापाला ओळखतेस तू. आज दुकान बंद आहे, हाका मारणारं कुणी नाही, म्हणून बसलोय लिहायला. अक्षर लागलं नाही तर बोलणी मला घाल, पण वाचून पुरं कर. जन्मभर रुंद ब्रश धरलेल्या हाताला पेन धरणं म्हणजे काडीनं भिंत रंगवण्यासारखं वाटतंय.

आधी या खोलीचं सांगतो, तू अजून पाहिली नाहीस. पुढे रंगाचं दुकान, मागे गोदाम आणि गोदामाला चिकटून माझी खोली. भाडं नावापुरतं. त्याच्या बदल्यात डबे चढवायचे-उतरवायचे आणि गोदामावर नजर ठेवायची. खोलीला एकच खिडकी, ती बोळात उघडते. समोर एक चांभार बसतो, तो दिवसभर ठोकतो आणि मी दिवसभर डबे आपटतो, त्यामुळे आमचं छान जमतं. तुझ्या आईची ट्रंक मी टेबलासारखी वापरतोय, आत्ता कागद तिच्यावरच आहे. पलंग आत मावला नाही, तो माझ्या जोडीला काम करणाऱ्या लंबूला देऊन टाकला. एरवी आमचा लंबू शिडीशिवाय छताला हात लावणारा, पण पलंग नेताना दारातच अडकला, पलंगासकट. तुझी आई असती तर हसून हसून तिथेच बसली असती. दुकानात आता शेड बनवायचं यंत्र आलंय. नंबर दाबला की डबा फिरतो आणि रंग तयार. मी रोज त्या यंत्राकडे बघतो आणि आपलं काय काय चुकलं ते आठवत बसतो.

तुला मी सांगितलं होतं की वरच्या मावशींनी भाडं वाढवलं, म्हणून घर सोडावं लागलं. ठिपका, मावशींनी भाडं वाढवलं नव्हतं. त्यांनी ते कधीच वाढवलं नाही, तू शाळेत जायला लागलीस तेव्हा ठरलं होतं तेच शेवटपर्यंत होतं. मलाच तेवढंही देता येईना. आई गेल्यावर पहिला महिना दिलं, दुसरा कसाबसा दिला आणि मग लपायला लागलो. हो, लपायला! मावशी वरून खाली उतरायला लागल्या की त्यांच्या चपलांचा आवाज यायचा आणि मी दिवा घालवून आत बसायचो. एवढा मोठा घोडा झालेला माणूस स्वतःच्याच घरात श्वास धरून बसायचा. आणि त्या बाई भाडं मागायला येतच नव्हत्या. दाराशी झाकलेली वाटी ठेवायच्या, कडी वाजवायच्या आणि जायच्या. त्या वर पोचल्या की मी दार उघडायचो. वाटी धुऊन जिन्याच्या कठड्यावर ठेवायचो, समोर जायची हिंमत नव्हती. शेवटी एक दिवस मीच वर गेलो आणि म्हटलं, बाई, मी जागा सोडतो. त्या म्हणाल्या, रंगारीबुवा, मी मागितलंय का तुमच्याकडे काही? हेच तर झेपत नव्हतं मला. त्यांनी मागितलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर मी भांडून तरी राहिलो असतो.

तू विचारशील, काम का नव्हतं. मंदी आहे, लोक आता रंगकाम काढत नाहीत, असं मी तुला सांगत आलो. तेही खरं नाही. ते पुढे सांगतो. आधी भिंतीचं सांगू दे, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहून पान भरून टाकेन आणि मुद्द्याचं राहून जाईल.

आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला, तेव्हा तू नुकतीच तिकडे, खोटे दात बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला लागली होतीस. डॉक्टरांनी पाटी दिली होती लिहायला. तिनं दोन दिवस वापरली आणि भिरकावली. लिहायचं, पुसायचं, लिहायचं, पुसायचं, तिला ते बोलण्यासारखं वाटेना. बोललेलं माणूस पुसून टाकतं का? मग मी म्हटलं, अगं, रंगाऱ्याची बायको ना तू? भिंत आहे की एवढी, लिही हवं तेवढं, मागाहून एक हात मारला की झालं. मी आपलं गमतीनं म्हटलं होतं. संध्याकाळी घरी आलो तर पलंगाशेजारच्या भिंतीवर माझ्याच बारीक ब्रशनं, ऑइलपेंटच्या उरलेल्या डब्यातलं, ठसठशीत लिहिलेलं, "मीठ कमी होतं." सकाळची भाजी मी केली होती! त्या दिवसापासून आमच्या घरात भिंत बोलायला लागली. "खिडकी लावा." "लंबूचे पैसे आधी द्या." "घोरू नका, भिंत हलते." तुझा फोन आला की ती उत्तर लिहायची आणि मी वाचून दाखवायचो. कधी कधी तिचं लिहून व्हायच्या आत तू पुढचा प्रश्न विचारायचीस, मग ती ब्रश माझ्याच अंगावर झटकायची. माझ्या दोन सदऱ्यांवर अजून ते शिंतोडे आहेत.

एक वाक्य तुला कधी सांगितलं नाही. तिचं बोलणं बंद झाल्यावर माझंही झालं होतं. कुणी गप्प असलं की आपणही आवाज न करता वावरतो, तसं. मी खुणा करायला लागलो होतो. चहा हवा का, तर हातानं कप दाखवायचा. एक दिवस तिनं मला खांद्याला धरून भिंतीपुढे उभं केलं आणि ब्रश आपटत आपटत लिहिलं, "तुमचा आवाज गेला नाहीये. बोला." मग मी बोलायला लागलो ते थांबेचना. गिऱ्हाइकांच्या गमती, लंबूच्या भानगडी, काय वाटेल ते. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

ती गेल्यावर तू आलीस तेव्हा त्या भिंतीकडे तुला बघवेना. निघताना तू म्हणालीस, बाबा, हिला हात लावू नका, मला मोठी रजा मिळाली की मी येईन आणि निवांत बसून सगळं वाचेन. मी हो म्हटलं. आणि मग एक दिवस मी तुला फोनवर सांगितलं की घर सोडायच्या आधी मावशींनी माणसं लावून भिंत रंगवून घेतली, मी कामावर होतो, मला कळलंसुद्धा नाही. तू फोन ठेवलास. ठिपका, ती भिंत मी रंगवली. दुसऱ्या कुणीही नाही. मावशींनी माणसं लावली नाहीत, उलट त्याच मला म्हणाल्या होत्या की पोरगी येईपर्यंत भिंत राहू दे, मी काही लगेच भाडेकरू ठेवत नाही. मीच हट्ट धरला. थकलेल्या भाड्याच्या बदल्यात स्वयंपाकघर, दारं, खिडक्या सगळं रंगवून देतो म्हटलं, आणि ही भिंतसुद्धा. मला तिथून सुटायचं होतं. तू रजा घेऊन आली असतीस तर रिकामे डबे दिसले असते, वीज तोडल्याची नोटीस दिसली असती. आणि तू काय केलं असतंस ते मला पक्कं माहीत होतं. तिथली नोकरी सोडून, गाठोडं उचलून, बापाचं घर चालवायला परत आली असतीस. हे कारण खरं आहे. पण त्याच्या आड लपून खोटं बोललो ते बोललोच, आणि त्याचं खापर एका सज्जन बाईच्या डोक्यावर फोडलं. घरमालकीण म्हटली की कुणालाही पटतं. तुलाही पटलं.

आता कामाचं. तुला आठवतं, आई रोज दुपारी माझा डबा घेऊन कामावर यायची? तू म्हणायचीस, बाबांचे किती लाड, डबा सकाळी नेता येत नाही का. डबा सकाळी नेता आला असता गं. ती डब्यासाठी येतच नव्हती. मला रंग कळत नाहीत. लिहिलं बघ एकदाचं! तुझ्या बापाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. दोन्ही मला एकाच मळक्या तपकिरीचे भाऊ वाटतात, गुलाबी आणि राखाडीचंही तेच. लग्नानंतर थोड्याच दिवसांत आईच्या ते लक्षात आलं. मी एका बंगल्याचं फाटक गिऱ्हाइकानं सांगितल्यापेक्षा भलतंच रंगवून आलो होतो आणि घरी येऊन ऐटीत सांगत होतो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन यायला लागली. उकिडवी बसायची, डब्याच्या झाकणावर काडीनं रंग कालवायची, भिंतीला बोटभर लावायची, फुंकर मारून सुकवायची, मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, झालं. मग मी ब्रश उचलायचो. आजारपणातही भिंतीचा पोपडा घरी आणून मी तिच्याकडून रंग कालवून घ्यायचो. माझा हात चांगला होता, ते मी सोडणार नाही. पण जुन्या भिंतीला नवं ठिगळ लावावं ते ह्याच रंगाऱ्यानं, कुठे जोडलंय ते शोधून सापडत नाही, असं जे माझं नाव होतं ते तिचं होतं. लंबूला माहीत होतं. तो कधी कुणाला बोलला नाही.

ती गेली आणि पहिल्याच कामात मी तोंडावर आपटलो. एका ऑफिसात ओल आली होती, तिथे दारापुढची भिंत दुरुस्त केली. साहेब आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, हे काय, गालावर मलम लावल्यासारखं दिसतंय. अख्खी भिंत माझ्या खर्चानं पुन्हा केली. पुढच्या कामातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. लंबूनं डोळ्यांनी मदत करून बघितली, पण त्याला उंची आहे, नजर नाही. मग बोलावणीच बंद झाली. यंत्रावर नव्या रंगाचा नंबर मिळतो, पण उन्हापावसात जुन्या झालेल्या भिंतीचा नंबर कुठून आणणार? हे तुला सांगायची लाज वाटली. रंगाऱ्याची मुलगी म्हणून तू सगळ्यांना केवढ्या तोऱ्यात सांगायचीस! म्हणून मंदी आणली, भाडं वाढवलं, मावशींना वाईट केलं. स्वतःची लाज झाकायला एवढा रंग लागला मला.

त्या भिंतीवरसुद्धा मी नीट काम केलं नाही. तुला माहीत आहे, मी नव्या पोरांना काय शिकवायचो. ऑइलपेंटवर साधा डिस्टेंपर टिकत नाही. आधी खरवडायचं, मग घासायचं, खाचा बुजवायला लांबी भरायची, प्रायमर द्यायचा, मग रंग. जो खरवडायचा कंटाळा करेल त्यानं हा धंदा सोडावा, असं ओरडायचो मी. त्या दिवशी खरवडायची पत्री हातात घेतली. "मीठ कमी होतं" वर टेकवली. आणि नाही जमलं मला. लंबू बाहेर हातगाडीवर सामान बांधत होता, उशीर होतोय म्हणून ओरडत होता. मी पत्री खिशात टाकली आणि तशाच भिंतीवर, त्या अक्षरांवरून, दोन हात डिस्टेंपरचे मारून बाहेर पडलो. मला ठाऊक होतं हे टिकणार नाही. वाफ लागली की फुगणार, पोपडे धरणार. सगळं ठाऊक असताना केलं. जिनं मला कधी भाडं मागितलं नाही तिच्या घराला जन्मातलं सगळ्यात वाईट काम करून दिलं, आणि वर माझा हिशोब मिटला असं म्हणून आलो.

परवा मावशी दुकानात आल्या. त्या दाराशी दिसल्या तसा मी डब्यांच्या मागे बसलो, सवयच लागली ना. त्यांनी बाहेरूनच सांगितलं, रंगारीबुवा, गुडघा दुखेल, उठा. खाली राहायला आता एक तरुण जोडपं आलंय, मुलीला दिवस गेलेत. त्यांनी पाणी तापवायची शेगडी त्या भिंतीजवळ ठेवली आहे. महिनाभर वाफ लागली आणि रंग सुटला. पहिलं काय वर आलं असेल? "घोरू नका." ती मुलगी म्हणे नवऱ्याला हलवून विचारत होती, तुमच्या घोरण्याच्या तक्रारी भिंतीपर्यंत पोचल्या का? मावशी हे सांगून हसल्या आणि मीही हसलो, किती दिवसांनी. मग त्या म्हणाल्या, पण पोपड्यांचा चुरा पडतो, पाळणा तिथेच ठेवायचाय, तेव्हा नीट करून द्यावं लागेल. आणि जरा घुटमळून म्हणाल्या, बाकीच्या तीन भिंतींपेक्षा ती थोडी वेगळीही दिसते हो. थोडी म्हणाल्या. त्यांच्या स्वभावाला धरून. बाकीच्या तीन भिंती आईनं कालवलेल्या रंगाच्या आहेत, त्या रंगाला नाव नाही की नंबर नाही. चौथीचा मी कालवला होता.

मी सहज विचारलं, ठिपकाचा फोन येतो का तुम्हाला? त्या म्हणाल्या, येईल, रागात आहे पोर. मग मी पिच्छाच पुरवला, तेव्हा कळलं. तू त्यांना फोन केला होतास. तुम्हाला काळीज आहे का, असं विचारलंस. माझ्या आईचं बोलणं तुम्ही पुसलंत, असं म्हणालीस. आई आजारी असताना ज्या बाईनं रोज तिची वेणी घातली, तिला. आणि मावशींनी काय उत्तर दिलं माहीत आहे? चुकलंच बाळा माझं, एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, बाई, तुम्ही खरं का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, आई तर गेलीच होती तिची, बापही काढून घेऊ का? माझ्या हातातला डबा खाली पडला. दुकानदार ओरडला, काय ओरडला ते मला ऐकूच आलं नाही.

तर ठिपका, हे पत्र त्यासाठी आहे. माफी मागायची आहेच, पण ती मी तोंडानं मागेन, माझा आवाज गेलेला नाही. तू ये. चार दिवसांची रजा काढून ये आणि आधी मावशींकडे जा, मी मागून येतो, या वेळी लपत नाही. मी त्यांना शब्द दिलाय की भिंत मुळापासून करून देईन, खरवडून, लांबी भरून, रीतसर. पण तू येईपर्यंत पत्री लावणार नाही. तू आलीस की ओल्या फडक्यानं सगळी भिंत पुसून काढतो. मी मारलेला रंग निघून जाईल, आईचा निघणार नाही. तू बस, हवा तेवढा वेळ वाच. आता तिथे राहणारी ती मुलगी म्हणालीय, दिवसभर बसा, मी चहा करते. तुझं वाचून झालं की मी खरवडेन. मग मला तू लागशील. तिकडे खोट्या दाताचा रंग खऱ्या दाताशी जुळवताना तुझी नजर चुकत नाही असं तुझे साहेब म्हणतात ना? ती नजर कुणाची आहे ते मला माहीत आहे. तीन भिंतींना जुळेल असा रंग मला झाकणावर कालवून दे. बोटभर लाव, फुंकर मार आणि झालं म्हण, मग मी ब्रश उचलेन. आणि त्याच्याआधी, भिंत पुसून झाल्यावर, एक सांग मला. आई हाताला येईल त्या डब्यातला रंग घ्यायची, रोज वेगळा. मी सगळं वाचलं, पण रंग मला एकाही ओळीचा कळला नाही आणि तिला विचारायचं राहून गेलं. "तुमचा आवाज गेला नाहीये. बोला." हे तिनं कुठल्या रंगानं लिहिलंय गं?

वाट बघणारा तुझाच,
बाबा